टेपचं दुसरं टोक

सकाळी साडेनऊला धाकट्याने थोरल्या भावाचं दार वाजवलं. हातात नगरपालिकेची नोटीस आणि मोजायची टेप होती. धाकट्याच्या नव्या गच्चीच्या परवानगीची फाईल थोरल्याने माहिती अधिकाराचा अर्ज देऊन गुपचूप मागितली होती. कार्यालय अर्जाची प्रत पाठवून मालकाची हरकत विचारतं, हे थोरल्याला ठाऊक नव्हतं. “दादा, मला हाक मारायचीस!” “शेजारी काहीबाही बोलतात, म्हणून...” “वहिनी, अर्जावरची शेजाऱ्यांची सही अगदी दादाच्या सहीसारखी आहे हं!” वहिनी खळखळून हसली. आपल्या विनोदावर ती अशी कधी हसल्याचं थोरल्याला आठवेना. धाकट्याने टेप पुढे केली. “माझी हरकत नाही, असं लिहून दिलंय. गच्ची मोजून घे.” थोरला हलला नाही. “द्या भावोजी, दुसरं टोक मी धरते,” म्हणत वहिनी त्याच्याबरोबर नव्या गच्चीचा जिना चढली. वरून पुन्हा हसणं ऐकू आलं. अकराला थोरला नगरपालिकेच्या खिडकीशी होता. अर्ज मागे घ्यायला की दुसरा द्यायला, समजलेलं नाही.