घराची तीट

नातवाच्या बारशाला दारात काळं नको, म्हणून अण्णांनी हौसेनं घराबाहेरच्या मोठ्या काळ्या पत्र्यावर चंदेरी पन्नी चढवून घेतली. आता अवकाशात तरंगणाऱ्या त्या घराची भट्टी झाली होती आणि पाळण्यातलं बाळ रडून रडून मलूल पडलं होतं.

“बाहेर हाडं गोठवणारी थंडी, मग आत हा घाम कसला?” अण्णा कासावीस झाले.

“अण्णा, बाहेर हवाच नाही, मग घरातल्या माणसांची, यंत्रांची उष्णता वारा कुठून नेणार?” त्यांची सून चारुलता म्हणाली. “ती नुसती किरणांवाटे बाहेर पडते. काळ्या पत्र्यातून भरभर, चकचकीत पन्नीतून जेमतेम. तुम्ही तिची वाटच अडवलीत!”

बाहेरचा यांत्रिक हात चालवून अण्णांनी स्वतःच पन्नी ओरबाडून काढली. दिसायला काहीच घडलं नाही. पत्रा आपला काळाठिक्कर, गप्प. पण हळूहळू भिंती निवल्या, बाळानं आळस दिला आणि दुधासाठी तोंड उघडलं.

अण्णांचा जीव भांड्यात पडला. बाळाच्या गालाला काजळाचं बोट लावून त्यांनी खिडकीतून पत्र्याकडे पाहिलं.

“घराला तीट होतीच की गं,” ते म्हणाले, “मीच पुसली.”