साहेबांचा चहा

भर दुपारी, कुणाला न विचारता, डेअरीच्या कॉम्प्युटरने अपडेट सुरू केलं आणि त्याच्यावर चालणारी दूध गार ठेवायची टाकी बंद पडली. मी साहेबांना फोन लावला, “हाताने चालू करू का?” ते खेकसले, “बाई, तुम्हाला काय कळतं? हात लावू नका. आपोआप नीट होईल.” संध्याकाळी ते उगवले तेव्हा साऱ्या गावाचं दूध नासलं होतं आणि आंबूस भपकारा घशात उतरत होता. सकाळी दूध घालून गेलेली माणसं रिकाम्या किटल्या घेऊन दारात उभी होती. साहेब नाकाला रुमाल लावून स्क्रीनकडे बघत म्हणाले, “अपडेट झालं की! चहा टाका.” मला शिसारी आली, दुधाची नव्हे. त्याच दुधाचा चहा दिला. पहिल्याच घोटाला ते थुंकले, “शी! फेका हा!” मी कप तसाच ठेवला. “हात लावू नका, साहेब. आपोआप नीट होईल.”