आज सही नकोय

फोन वाजला तेव्हा शिवणकाकू गुडघ्यांवर बसून पोस्टमनकाकांच्या पँटला टाचण्या लावत होत्या. एक पाय झाला होता, दुसरा बाकी होता.

"ताईंचा!" तोंडातल्या टाचण्या तळहातावर काढून काकूंनी फोन स्पीकरवर टाकला आणि कापडांच्या ढिगावर ठेवला.

ताई म्हणजे काकूंची थोरली नणंद. वस्तीतल्या प्रसूतिगृहात तीस वर्षं नर्स होत्या. ते प्रसूतिगृह ठेवायचं की पाडून तिथे वाहनतळ करायचा, यावर आज नगरपालिकेत मतदान होतं. ताई सकाळपासून तिथे पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

"काय झालं हो?"

"सांगते. सगळं नीट सांगते. आधी अध्यक्षच उशिरा आले."

"ताई, निकाल सांगा!"

"अगं, मग मधलं सगळं राहूनच जाईल. तर अध्यक्ष आले. मग माईक बिघडला."

काकूंनी कपाळावर हात मारला. स्टुलावर उभे असलेले पोस्टमनकाका म्हणाले, "गेलं असणार विरोधात. चाळीस वर्षं मी लोकांचे अर्ज पोचवले. उत्तर आणल्याचं काही आठवत नाही." याच कारणासाठी त्यांनी काकूंना प्रसूतिगृह वाचवायच्या अर्जावर तीनदा सही नाकारली होती, आणि तरी पँट मात्र काकूंकडेच आणली होती.

"मध्ये कोण बोलतंय?" फोनमधून ताईंनी विचारलं.

"पोस्टमनकाका."

"त्यांना म्हणावं, गप्प बसा. तर एकेका नगरसेवकाला उभं करून मत विचारलं. आपल्या बाजूचे दहा, त्यांच्या बाजूचे दहा. राहिले कोण, तर बर्फवाले."

काकूंचा चेहरा उतरला. बर्फाच्या कारखान्याचे मालक विरोधी बाजूचेच. वाहनतळाचा नकाशा त्यांच्याच पक्षाने काढला होता.

"ते उठले. चष्मा पुसला. म्हणाले, माझ्या दारात एक बाई तीनदा आली. पहिल्यांदा मी दार उघडलंच नाही. दुसऱ्यांदा उघडलं आणि तोंडावर लावून घेतलं. तिसऱ्यांदा तिने मला विचारलं, साहेब, तुमचा जन्म कुठला? माझा जन्म, म्हणाले, त्याच प्रसूतिगृहातला. आणि खाली बसले."

"बसले म्हणजे? मत कुणाला दिलं?"

"आपल्याला, बाई, आपल्याला! अकरा विरुद्ध दहा! राहतंय आपलं प्रसूतिगृह!" एवढा वेळ जपलेला ताईंचा आवाज एकदम फुटला. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते फोनवर कळेना.

काकूंनी अशी आरोळी ठोकली की समोरचा घड्याळवाला डोळ्यावरचं भिंग तसंच ठेवून रस्त्यावर आला. काकूंनी जवळ होतं ते घट्ट धरलं, आणि तो पोस्टमनकाकांचा पाय निघाला.

"ओय ओय! टाचण्या, टाचण्या!"

"ती बाई तूच ना गं?" ताई विचारत होत्या.

काकूंनी आठवून पाहिलं. दोन महिने वस्तीतल्या पाच जणी सह्यांसाठी रोज संध्याकाळी जिने चढत होत्या. किती दारं, किती कुत्री, किती 'उद्या या'. तो जन्माचा प्रश्न तर पाचही जणी सगळ्यांनाच विचारायच्या.

"काय माहीत! कुणी का असेना!" म्हणत काकूंनी खणातून सह्यांची वही काढली आणि चपला शोधायला लागल्या.

"कुठे निघालात? माझा दुसरा पाय?"

"राहू दे तसाच. सह्या करणाऱ्यांना सांगायला नको?"

"येईल की बातम्यांत."

"येऊ दे. पण मागायला आपण दारात गेलो होतो ना? मग सांगायलाही दारातच जायचं."

पोस्टमनकाका जपून स्टुलावरून उतरले. पँटचा एक पाय टाचलेला, दुसरा जमिनीवर लोळत होता.

"समोरची बाजू मी घेतो," ते म्हणाले. "वही तुमच्याकडेच ठेवा. पत्ते मला पाठ आहेत."

काकूंनी कोपऱ्यावरच्या इमारतीपासून सुरुवात केली. दार उघडलं की आधी वैतागलेला चेहरा दिसायचा. "परत सही?"

"आज सही नकोय. आपण जिंकलो!"

मग चेहऱ्याचं जे काही व्हायचं, ते बघायला काकू दोन पायऱ्या एकदम चढत होत्या. एका आजोबांनी अर्धी दाढी साबणात असतानाच त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. एका आजींना कमी ऐकू यायचं. त्यांना तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा ऐकू आलं होतं, तरी त्या म्हणाल्या, "पुन्हा सांग."

तिसऱ्या मजल्यावर काकूंनी हात उचलायच्या आधीच दार उघडलं. एक तरुण बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. आठवा महिना तरी असेल.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "जिन्यात घुमतंय सगळं." मग धापा टाकणाऱ्या काकूंकडे बघून म्हणाली, "तुम्ही बसा घटकाभर. वरचे दोन मजले मी सांगते."

"अगं, अशा दिवसांत तू कुठे जिने चढतेस!"

"डॉक्टरांनी चालायलाच सांगितलंय." कठडा धरून ती निघालीसुद्धा.

काकू पायरीवर बसल्या. वरून दारावरची थाप ऐकू आली. कडी निघाली. पोरीने एका दमात सगळं सांगून टाकलं, अकरा विरुद्ध दहासकट.

मग एका बाईचा आवाज आला, "पण तू कोण गं?"

"मी खालच्याच मजल्यावर राहते. दोन वर्षं झाली."

"मग बाहेर काय उभी आहेस? आत ये की!"