सात जणींची सूज

"दार लावू का, ताई?" फरशीवाल्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता लावलंही.

आरोग्यताईने हातातली निरोधची पाकिटं पिशवीत टाकली. दवाखान्यातली वजनकाट्याची खोली ती केवढीशी, त्यात हा आडदांड माणूस. पँट गुडघ्यांवर झिजून पांढरी झालेली, नखांत सिमेंट. दिवसभर बसून काम करणाऱ्याला उभं राहणं जड जावं तसा तो भिंतीला टेकला.

"माझ्या बायकोला सूज नाहीच ना?"

चोरी सापडली. कधीतरी हे होणार होतंच.

त्याची बायको शिलाईच्या कारखान्यात काजं करते. हा महिनोन्‌महिने परगावी फरश्या बसवायला. चार महिन्यांपूर्वी तो परत आला, तेव्हा आरोग्यताई पाकिटं घेऊन तिच्याकडे गेली होती. ती बाई म्हणाली, "यांना कुठल्या तोंडाने सांगू? म्हणतील, माझ्यावर संशय घेतेस." मग ताईने आपली हमखास युक्ती काढली. "गर्भपिशवीला सूज आहे म्हण. डॉक्टरीणबाईंनी सहा महिने पाकीट वापरायला सांगितलंय म्हण. संशय म्हटलं की पुरुष भांडतो. सूज म्हटलं की घाबरतो."

युक्ती लागू पडली. बघता बघता गल्लीतल्या सात जणींच्या गर्भपिशव्या सुजल्या. पाठीमागे तिला फुगेवाली म्हणणाऱ्या बायका आता हाका मारून घरात घेऊ लागल्या. "यांच्याकडून शिका जरा," वरच्या मॅडम भर बैठकीत म्हणाल्या. तिने मान खाली घातली, कान मात्र टवकारले.

एकच गोष्ट सलत होती. सातांपैकी एकीचीही एचआयव्हीची तपासणी तिने करून घेतली नव्हती. तपासणी म्हटली की नवऱ्यालाही आणावं लागतं. नवरा आला की आधी सुजेचंच विचारणार. म्हणून पुढच्या महिन्यात बघू. मग त्याच्या पुढच्या.

"भाऊ, चूक माझी आहे," ती म्हणाली. "तिला काही बोलू नका. तिने म्हटलेला शब्द न् शब्द मी पढवलेला. हात तर नाही ना उचललात?"

"छे हो! तिने आपणहून सांगितलं. काल जेवायला वाढता वाढता रडायलाच लागली. इतक्या चांगल्या माणसाशी मी खोटं बोलले म्हणे. आता आजपासून ती पाकिटं घरात नकोत म्हणते." तो थांबला. "ताई, तुम्ही तिला सांगा ना, सूज खरंच आहे म्हणून. खोटी म्हणून सांगितली, पण तपासल्यावर खरीच निघाली, असं म्हणा."

माफी मागायला उघडलेल्या तोंडाने आरोग्यताई हसली. "अहो, ती नको म्हणतेय आणि तुम्ही सूज मागताय? असा नवरा पहिल्यांदाच बघतेय मी."

तो हसला नाही. शर्टाच्या आतल्या खिशातून त्याने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. परगावच्या दवाखान्याचा. त्यावर 'एचआयव्ही'पुढे लिहिलेला शब्द तिच्या रोजच्या पाहण्यातला. तरी तिने तो दोनदा वाचला. मग तारीख वाचली. पाच महिन्यांपूर्वीची.

"गोळ्या?"

"महिनाभर घेतल्या. हत्यारांच्या डब्यात लपवून. संपल्या, मग तिकडे जाणं झालं नाही."

"आणि घरी?"

"सांगणारच होतो. आठ दिवस धीर झाला नाही. नवव्या दिवशी तीच म्हणाली, सूज आहे. म्हटलं, देवच पावला."

देव कसला, फुगेवाली पावली होती.

त्या आठ दिवसांचं तिने विचारलं नाही. तो खाली बघत होता, तेवढं पुरे होतं. सुजेची युक्ती देण्याऐवजी आपणच 'दोघंही तपासून घ्या' एवढं म्हटलं असतं, तर जे काय असेल ते चार महिने आधी कळलं असतं. तिच्या पाकिटांनी त्या बाईला तेव्हापासून जपलं असेलही. पण त्याच पाकिटांनी या माणसाचं तोंडही बंद ठेवलं होतं.

"सूज आता मिळायची नाही," ती म्हणाली. "कारखाना कधी सुटतो तिचा?"

"चारला."

"चारला फाटकापाशी उभं राहायचं. सांगायचं तुम्ही. तुमचा कागद आहे, नियमाने मला तोंड उघडता येत नाही. मी शेजारी असेन. तिथून तिघं इथं. तिचं रक्त आजच तपासायचं. तुमच्या गोळ्याही आजच."

"आणि तुम्ही काय सांगणार तिला?"

"माझं मी सांगेन. चार महिने तुला तपासायला नेलं नाही, ते का, ते."

"घर सोडून जाईल ती, ताई."

"जाऊ दे. निदान कळून जाईल."

तिने पिशवी खांद्याला लावली. तो बाहेर आला, चपलांत पाय घालू लागला. अंगठा काही पट्ट्यात जाईना. तिला एकदम ती काजं करणारी बाई दिसली, हातात वाढायचा डाव घेऊन रडणारी. 'तुम्ही' कधी गळून पडलं, तिला कळलंच नाही.

"काल ती रडत माफी मागत होती, तेव्हा तू काय म्हणालास रे?"

त्याने वाकून अंगठा हातानेच पट्ट्यात घातला.

"म्हटलं, जा, माफ केलं."