फणसाखालचे सतरा डास

उदय परुळेकरांनी रोजच्यासारखी रिकामी करायला फणसाखालच्या डासयंत्राची डबी उघडली. रात्रभरात पकडलेल्या डासांच्या पोटात कोणाकोणाचं रक्त सापडलं ते यंत्र रोज सकाळी सांगायचं. सावंतवाडीबाहेर, रानाला लागून असलेल्या या बंगल्यांत हिवतापावर अशीच नजर ठेवत.

"उदय, दोन डास. निर्मला, पाच," यंत्र म्हणालं. "अनोळखी स्त्री, सतरा. रक्तावरून तुम्हा दोघांची मुलगी."

झाडांना पाणी घालणाऱ्या निर्मलाबाई थांबल्या.

चार वर्षांपूर्वी गार्गीने आपल्या मनाने लग्न केलं, त्याच दिवशी उदयरावांनी यंत्रातून तिचं नाव काढून टाकलं होतं. "पुन्हा या घराची बेल वाजवायची नाही," असं तिला बजावलंही होतं.

"काल संध्याकाळी आली असणार," निर्मलाबाई म्हणाल्या. "आपण आत टीव्ही बघत होतो."

"मग बेल का नाही वाजवली?"

"तुम्हीच नको म्हणाला होतात."

उदयरावांनी दाराकडे पाहिलं. फणसापासून ते जेमतेम दहा पावलांवर होतं.

"अहो, सतरा डास चावले तिला," निर्मलाबाई म्हणाल्या. "तेवढा वेळ आपल्या खिडकीकडे बघत उभी होती पोर."

त्या दिवशी उदयरावांनी डबी रिकामी केली नाही.