गप्प बसलेले एमिल आजोबा

"अहो, इकडे बघा तरी, ही लाही म्हणजे..." एवढंच एमिल आजोबांच्या तोंडून निघालं आणि स्काउटच्या पथकप्रमुख डार्लाबाईंचं बोट वर झालं.

"एमिलकाका, शेवटचं सांगते. विकायचं काम स्काउटचं. मोठ्यांनी खुर्चीत बसायचं आणि तोंड मिटायचं. टेबलावर माल असेपर्यंत आणखी एक शब्द निघाला, तर टेबल उचलून नेईन."

आजोबांनी ओठ दाबून धरले. डार्लाबाई आपल्या बाकीच्या पोरांकडे, किराणा दुकानाच्या मागच्या दाराशी गेल्या. पुढच्या दाराशी उरली आठ वर्षांची जोलीन, तिचे आजोबा आणि पॉपकॉर्नच्या पिशव्यांचा डोंगर.

जोलीनला उन्हाळ्यात तळ्याकाठच्या शिबिराला जायचं होतं. तंबूत झोपायचं होतं, होडी वल्हवायची होती. त्याचे पैसे या लाह्यांतूनच उभे राहणार होते, आणि विक्रीचा हा शेवटचा शनिवार. अडचण एकच. परकं माणूस समोर आलं की तिचा आवाज थेट बुटात जाऊन लपायचा. म्हणून तर आजोबांना आणलं होतं. एमिल कुचेरांनी जन्मभर गुरांच्या बाजारात लिलाव पुकारले होते. बाजार सुटला, पुकारणं सुटलं नाही. रविवारी चर्चच्या पायरीवर त्यांनी कुणाला गाठलं, की त्या माणसाच्या घरी भट्टीतली कोंबडी करपलीच म्हणून समजा.

शेतांतून मका निघत होता, हवेत भुसा तरंगत होता. दुपारी फुटबॉलचा सामना, म्हणून अख्खं गाव लाल सदरे घालून चिप्स न्यायला येत होतं. येत होतं आणि दुरूनच आजोबांना बघून मागच्या दाराकडे वळत होतं.

जोलीनने एकदा तोंड उघडलं. तसंच मिटलं. तिने पिशव्या नीट लावल्या. मग पुन्हा नीट लावल्या.

तेवढ्यात आजोबांचा जुना मित्र मर्ल घाईघाईत समोरूनच आत शिरला. मान खाली, पाय भरभर. आजोबांच्या पुढून गेला आणि दारातच थबकला. मागून हाक आली नव्हती. तो उलट्या पावली परत आला.

"एमिल? अरे, माझ्या ट्रकला नावं ठेवायची राहिली की तुझी!"

आजोबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले.

"पोरी, याला झटकाबिटका आलाय का? थांब, गाडी बोलावतो दवाखान्याची." मर्लने फोन काढला.

आता कुणीतरी बोलणं भाग होतं, आणि बोलू शकणारं माणूस तिथे एकच होतं.

"नको!" जोलीन म्हणाली. मग हळूच, "बरे आहेत ते. त्यांना बोलायला बंदी आहे."

मर्लने फोन खिशात घातला. आधी आजोबांकडे पाहिलं, मग आकाशाकडे, जणू तिथे कुणाचे तरी आभार मानायचे होते.

"किती वेळ?"

जोलीनने आजोबांकडे पाहिलं. मग पिशव्यांकडे पाहिलं.

"एका पिशवीला पाव तास गप्प बसतील."

"सामना संपेपर्यंतच्या दे," मर्ल म्हणाला.

बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? मागच्या दाराची माणसं पुढच्या दाराशी आली. रांग लागली. पिशवी घ्यायची, खुर्चीसमोर उभं राहायचं आणि इतकी वर्षं अर्ध्यावर राहिलेलं आपलं बोलणं पुरं करायचं. पाद्रीबुवांनी गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट पहिल्यांदा शेवटापर्यंत सांगितली. न्हाव्याने एक जुना वाद एकट्यानेच मांडला आणि जिंकलाही. मर्ल दुसऱ्यांदा आला. म्हणाला, "बायको गेली त्या वर्षी तू रोज माझ्या पायरीवर येऊन बडबडत बसायचास. तेव्हा सांगायला जागाच ठेवली नाहीस. बरं वाटायचं रे." आणि खाली बघत निघून गेला.

आजोबांच्या घशाशी वाक्यांचा कळप दाटला होता. एकदा फाटक उघडायलाच आले होते ते. पण बाजूने आवाज आला, "चीजची संपत आली! बघा, गेली की गेली!" त्यात त्यांचाच चढ होता, त्यांचाच उतार. बुटातला आवाज वर येऊन दुकानाच्या पाटीवर बसला होता. आजोबांनी फाटक लावून घेतलं.

जेवणाची वेळ झाली. टेबलावर आता फक्त लाह्यांचे मोठे डबे उरले होते, सगळ्यांत महाग. त्यांना कुणी हात लावत नव्हतं. तेवढ्यात ल्युडमिला आजी जेवणाचा डबा घेऊन आली. रांग आपोआप दुभंगली. एमिल आजोबांचं सगळ्यांत जास्त ऐकलेली बाई होती ती.

"वहिनी, या, या!" मर्ल ओरडला. "तुमचा हक्क पहिला. नाताळपर्यंतच्या शांततेची बेगमी करून टाका!"

सगळे हसले. आजी हसली नाही. ती खुर्चीपुढे उभी राहिली. नवऱ्याच्या मिटलेल्या ओठांकडे, भरून आलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग तिने पर्स उघडली.

"जोलीन, यांना असं बघवत नाही गं मला. परत बोलतं करायला काय पडेल?"

जोलीनने आजीकडे पाहिलं. मग पर्सकडे पाहिलं. मग सगळे डबे दोन्ही हातांनी आजीकडे सरकवले.

"एवढे सगळे, आजी. एकही उरला, तर त्यांना बोलता येणार नाही."