बुडालेली गाडी

प्लग काढून गाडी तिरकी केली तसं इंजिनातून पाणी आलं. गढूळ, बारीक वाळू मिसळलेलं. मिस्त्रीने ते डब्यात धरलं आणि डबा बाजूला ठेवला. ओतून टाकला नाही.

मग त्याने खालचं तेल सोडलं. पाण्याने ते पांढरट, दाट झालं होतं.

गाडी त्याच्या बायकोची होती. उंच, हलकी डर्ट बाइक. बायको गुरांची डॉक्टर, आणि डोंगरावरच्या वस्त्यांवर दुसरी गाडी चढत नसे. परवा ओढा ओलांडताना ती गाडीसकट वाहून गेली. तिचा देह त्याच दिवशी मिळाला. गाडी काल दोर लावून काढली.

"अरे, घरात माणसं भेटायला आलीत," मोठी बहीण दारात येऊन म्हणाली, "आणि तू इथे पाना घेऊन बसलायस? लोक काय म्हणतील?"

"आजच उघडायला हवं, आक्का. उद्यापर्यंत आत गंज धरेल."

हे खरंच होतं. पण हे अर्धंच होतं.

मेव्हणा शेजारी उकिडवा बसून नट-बोल्ट ताटलीत ठेवत होता. "दाजी, तुम्ही उगाच डोक्यात काही घेऊ नका. ताई भरवेगात घुसली असणार. लहानपणापासून पाणी दिसलं की तिच्या अंगात यायचं. कधी कुणाचं ऐकलंय तिने?"

"नाही ना ऐकायची?"

"छे! बाबांनी हात टेकले होते तिच्यापुढे."

मिस्त्रीला हे ऐकून बरं वाटलं. त्याने आणखी एकदा विचारलं, मेव्हण्याने आणखी एकदा सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी तिने चालू गाडी अशीच पाण्यात घातली होती. इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढलं आणि पिस्टनचा पोलादी रॉड वाकला. तेव्हा मिस्त्रीने आठवडाभर तिचं डोकं खाल्लं होतं. "यापुढे पाणी दिसलं की इंजिन बंद. खाली उतरायचं आणि गाडी धरून ढकलत न्यायची. गाडी म्हणजे काय म्हैस आहे पाण्यात घालायला?"

"आणि मी म्हैस आहे वाटतं?" ती म्हणाली होती. दोघंही हसले होते.

काल गाडी वर आली तेव्हा स्विच बंद होता, गिअर न्यूट्रलला होता. पण दोर ओढायला दहा जण होते. कुणाचा हात कुठे लागला, कोण सांगणार? आता सांगणार तो रॉडच. वाकलेला निघाला, तर ती गाडीवर बसून आपल्या मर्जीने गेली. सरळ निघाला, तर ती इंजिन बंद करून उतरली होती. कमरेएवढ्या पाण्यात, शंभर किलोची गाडी दोन हातांनी धरून.

मिस्त्रीचा सारा जन्म इंजिनं नीट करण्यात गेला होता. आज पहिल्यांदाच तो मनातल्या मनात म्हणत होता, देवा, मोडलेलं निघू दे.

सिलिंडरवरच्या झाकणाचे, हेडचे, बोल्ट सुटले. त्याने हेड उचलून फडक्यावर ठेवलं, सिलिंडरचा काठ पुसला आणि रॉकेलचे चार थेंब आत सोडले.

"आता काय बघायचं?" मेव्हण्याने विचारलं.

"रॉड वाकला असेल तर पिस्टन काठापर्यंत येणार नाही. खालीच राहील."

त्याने पाना लावला आणि हळू फिरवायला घेतला. पिस्टन वर सरकू लागला. निम्म्यावर आला. आणखी वर आला. मिस्त्रीचा हात थांबला, मग पुन्हा फिरला. पिस्टन आणखी वर आला आणि काठाला लागला.

त्याने सिलिंडरवर पोलादी पट्टी आडवी ठेवली. खाली कागद सरकेल एवढीही फट नव्हती.

त्याने पट्टी उचलली, पिस्टन खाली नेला, पुन्हा वर आणला. पुन्हा पट्टी ठेवली. असं चारदा केलं.

"सरळ आहे म्हणजे?" मेव्हणा म्हणाला. "चला, निदान गाडी तरी वाचली, दाजी."

मिस्त्रीने पाना खाली ठेवला, मग उचलून दुसऱ्या जागी ठेवला.

आक्का पुन्हा दारात आली. "येतोस ना रे आता? एवढं काय बिघडलंय त्या गाडीचं?"

"काही नाही बिघडलं, आक्का," तो म्हणाला. "तेल बदललं की चालेल."